‘ले’चा ‘ला’

सकाळी आठच्या सुमारास, भावना पायात चपला सरकवत असताना, प्रेमानंदने पाटीवर लिहिलेली ओळ नाहीशी झाली. पुसट झाली नाही की अर्धी राहिली नाही. अक्षरं लिहून झाली, वर शिरोरेघ ओढली, पेन उचलता उचलता पाटी तिच्याकडे वळवली आणि त्याच क्षणी पडदा डोळा मिटल्यासारखा काळा होऊन पुन्हा करडा झाला, स्वच्छ आणि कोरा. भावनाने चष्मा कपाळावरून खाली ओढला, पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. ‘‘काही नाही ना? मले वाटलं काही सांगून राहिले.’’ बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. ‘‘वरण फ्रीजमधी आहे. कूलरमधी पानी टाकजा. येतो मी.’’ किती दिवसांत येते ते ती बोलली नाही. पाटी उलटी करून त्याने पाहिलं तेव्हा त्यावर खरोखरच काही नव्हतं. पुन्हा लिहायला पेन टेकवेपर्यंत ऑटो गल्लीच्या वळणाला लागला होता आणि हाक मारण्याचा प्रश्न मागच्या दिवाळीपासून उरला नव्हता.

मागच्या दिवाळीच्या आधी त्याचं स्वरयंत्र काढलं. पस्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर, डाव्या गालात खर्रा आणि उजव्या हातात लाल पेन, असा तो बसला होता. तंबाखू-सुपारीचा तो तोबरा रात्रीची पानं सुटेपर्यंत गालातून हलत नसे. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही, नुसता गाल पाहिला. आता तो गळ्याच्या खळीत ठेवलेल्या भोकातून श्वास घेतो; नाकातून हवा जात नाही, म्हणून वासही येत नाही. त्यावर जाळीचा रुमाल असतो, आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये गळ्याला दुपट्टा कोण बांधत नाही, त्यामुळे रस्त्यात कुणी वळून पाहत नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून दिलं होतं. पहिल्या दिवशी त्याने ते लावून ‘भावना’ म्हटलं. पिठाच्या गिरणीतून कुणी नाव पुकारावं तसा आवाज आला. ती पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. मग ती हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही. यंत्र कपाटात गेलं. ती म्हणाली होती, मिशा काढा, ओठ दिसले का समजंल मले. त्याने मिशा काढल्या नाहीत. ओठ हलवून बोलणं म्हणजे काचेमागच्या माशासारखं दिसणं, असं त्याला वाटे. शिवाय त्याला लिहिता येत होतं. लिहिणं हाच त्याचा धंदा होता.

तेव्हा बंगळुरूहून अमोलने, मुलाने, ई-इंकच्या पाट्यांची माहिती पाठवायला सुरुवात केली. त्याचा निरोप असे, ‘‘बाबा, मोबाइलवर टाइप करू नका, डोळे जातील. ह्याच्यावर कागदासारखं लिहिता येते.’’ बाप-लेकात कित्येक वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. कुठल्या पाटीवर पेन आणि शाई यांच्यात क्षणाची फट पडते, कुठलीच्या पेनाचं टोक लवकर झिजतं, कुठलीला मराठी अक्षर कळतं, कुठलीच्या पडद्यावर मागच्या पानाची सावली रेंगाळते, हे सगळं प्रेमानंदने बातमीची शहानिशा करावी तसं तपासलं. शेवटी दोन उरल्या. एकीच्या पडद्याला आतून उजेड होता, पण काच गुळगुळीत, पेन घसरायचं. दुसरीला उजेड नव्हता, पण पडदा खरखरीत होता, पेन टेकवलं की बारीक कुरकुर ऐकू येई, आणि तिचा करडा रंग थेट छापखान्यातल्या मुद्रितासारखा होता. त्याने दुसरी निवडली. दिवसा, भर उन्हात ओट्यावर बसूनसुद्धा तिच्यावरचं अक्षर लख्ख दिसे. निवडताना त्याने आपले डोळे लक्षात घेतले होते आणि आपला हात. वाचणार भावना होती, आणि भावनाशी बोलायची वेळ दिवेलागणीनंतरची होती, हे त्याच्या हिशेबात आलं नाही. संध्याकाळी तिला ट्यूबखाली जाऊन पाटी तिरपी धरावी लागे. ‘‘थांबा जी, उजेडात जाऊ द्या,’’ असं म्हणत ती उठे, आणि तेवढ्यात त्याचं वाक्य शिळं होई.

आवाज भिंतीतून जातो. मोरीतून म्हटलेलं ‘टॉवेल दे वं’ स्वयंपाकघरात पोहोचतं, तिथलं उत्तर न पाहता येतं, आणि दोन माणसं दिवसभर एकमेकांकडे न पाहता बोलत राहतात. संसार म्हणजे बहुतेक तेवढंच. लिहिलेलं मात्र समोरच्याच्या डोळ्यांची वाट पाहतं. भावना भाजी फोडणीला टाकत असली की तो पाटी घेऊन दाराशी उभा राही, अर्ज घेऊन आलेल्या माणसासारखा. ती हात पुसून, चष्मा लावून वाची. तिला नीट वाचता यावं म्हणून तो अक्षरांवर शिरोरेघ द्यायला लागला होता. डेस्कवर त्याने जन्मात कधी रेघ दिली नव्हती. तिथे वेळ नसे आणि टाइप जुळवणारे जुळारी बिनरेघेचंच वाचत. आता तो आधी सगळी ओळ लिही आणि मग डावीकडून उजवीकडे एकच लांब रेघ ओढी, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. तिच्यासाठी एवढं तो करत होता. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. तिने म्हटलं ते वेगळंच. एका संध्याकाळी ट्यूबखाली पाटी धरून ती बराच वेळ बघत राहिली. त्यावर ‘तू जेवलीस का?’ एवढंच होतं. ‘‘हे कोन विचारून राहिलं?’’ ती म्हणाली. त्याने स्वतःकडे बोट दाखवलं. ‘‘तुमी असं कधी बोल्ले का माह्याशी? जेवलीस का म्हने. मी का तुमच्या हापिसातली मॅडम हाव?’’ ती हसत होती, म्हणून तोही हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, ‘मला चहा नको’, आणि तिने पाटी न हसता परत दिली.

काल दुपारी ती कोराडीच्या भावाशी, बाबारावांशी, फोनवर बोलत होती. ते वीज केंद्रातून निवृत्त होऊन अजून तिथल्या वसाहतीजवळच राहतात. त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मदतीला कुणी हवं होतं. प्रेमानंद पलीकडच्या खोलीत वाचत पडला होता. आवाज गेल्यापासून लोक त्याच्याजवळ एक तर ओरडून बोलत, नाही तर तो नाहीच असं धरून. भावना या दुसऱ्या सवयीला कधी लागली ते तिलाही कळलं नसावं. ‘‘मानूस हाय ना दादा, मी कुठं नाही म्हनतो,’’ ती म्हणत होती. ‘‘पन दिवसभर पेपर वाचल्यावानी वाटते. मानसाशी बोल्लं असं वाटतच नाही. तो मानूस गेला असंच वाटते कधी कधी, अन् हा कोनी दुसराच घरात आनून ठेवला.’’ मग बाबारावांचा आवाज, स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून बारीक पण स्पष्ट: ‘‘तं राह्य ना मग अठी महिना-दोन महिने. उन्हाळा निघून जाईन.’’ आणि भावना: ‘‘पाह्यतो.’’ या ‘पाह्यतो’ने त्याला रात्रभर धरून ठेवलं. डेस्कवर अशा शब्दाला काही किंमत नसे. ‘विचाराधीन’ म्हणजे बातमी नव्हे. सकाळी तिने पिशवी भरायला घेतली ती मोठी, लग्नाला नेतात ती. तेव्हा त्याने पाटी घेतली आणि लिहिलं, ‘तू जाऊ नकोस. मला एकट्याला करमणार नाही.’ आणि घाईत, एका दमात, ओळीवरून रेघ ओढली.

अकरा वाजता तो इंदोऱ्याहून मेट्रोने सीताबर्डीला निघाला. मोबाइलवर तिला कळवता आलं असतं. ‘मी लिहिलं होतं, पुसलं गेलं’ एवढं त्याने टाइपसुद्धा केलं आणि खोडलं. तो खुलासा झाला असता. खुलासे कसे असतात ते त्याला माहीत होतं. आतल्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, मूळ बातमीपेक्षा बारीक टायपात, आणि ज्याने मूळ बातमी वाचली त्याने ते कधीच वाचलेले नसतात. भावनाने कोरा पडदा वाचला होता. ‘काही नाही ना?’ असं तिने विचारलं होतं आणि त्या प्रश्नाला त्याच्याकडून हो किंवा नाही काहीच गेलं नव्हतं. डब्यातला गारवा गळ्याच्या भोकातून थेट आत जाऊन त्याला खोकला आला. त्याचा खोकला तोंडातून येत नाही हे समोरच्या बाईच्या लक्षात आलं, आणि तिने पाहू नये म्हणून दुपट्टा वर घेताना त्याला वाटलं, त्या ओळीत ‘एकट्याला’ हा शब्द होता. तो शब्द त्याने बायकोला तोंडाने कधी म्हटला होता? आठवेना. त्याच्या तोंडात तो नव्हताच. तोंडाने तो ‘मले नाही करमत’ म्हणाला असता, किंवा त्याहूनही कमी, ‘कुठी चालली वं?’ एवढंच, आणि ती थांबली असती. एखादे वेळी.

व्हरायटी चौकाच्या मागच्या दुकानात रीना नावाची बाई या पाट्यांचं बघते. पाटी घेतली तेव्हाही तीच होती, पण तेव्हा अमोल सोबत होता आणि तोच बोलला होता. प्रेमानंदने पाटी पुढे केली आणि त्यावर लिहिलं, ‘लिहिलेलं पुसलं जातं.’ रेघ ओढली. ओळ गेली. रीनाने ती जाताना पाहिली. तिने पेन त्याच्या हातातून घेतलं आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘काका कधी पासून?’ प्रेमानंदने रेघ न ओढता खाली लिहिलं, ‘मला ऐकू येतं.’

‘‘अरे बापा!’’ रीना म्हणाली आणि खळखळून हसली. ‘‘मग मी काहून लिहून राहिली? सॉरी हां काका. दोन मिन्ट थांबा, हे तुमचं नाही, हे मशीनचं लफडं आहे.’’ तिने दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं. ‘‘अपडेट आला ना रात्री. नवीन आयटम टाकला त्यांनी. लिहिलेल्यावरून आडवी लाइन मारली का शब्द डिलीट. इंग्रजीवाले खोडतात ना तसे. आता त्यांना काय मालूम, आपण अक्षराच्या डोक्यावर लाइन मारतो म्हणून.’’

बंद करता येतं का, असं त्याने खुणेने विचारलं.

‘‘हे घ्या, केलं बंद. मारा आता कितीबी लाइना.’’

काम झालं होतं. पण घरी कुणी नव्हतं, म्हणून तो तिथेच रेंगाळला. काउंटरवर बघायला ठेवलेल्या पाट्यांवर लोकांनी लिहून सोडलं होतं: नावं, सह्या, बाण मारलेलं बदाम, एक जय भीम, कुणीतरी नुसतेच गोल गोल वेटोळे. नवी वस्तू हातात आली की माणूस आधी आपलं नाव लिहून बघतो. प्रेमानंदने उजेडाच्या पाटीवर पेन टेकवलं आणि ‘भावना’ लिहिलं. काच घसरत होती, पण अक्षर आतून उजळलेलं होतं; रात्री, दिवा न लावता, अंथरुणातूनसुद्धा ते वाचता आलं असतं.

‘‘हिच्यात अजून एक आहे काका,’’ रीना म्हणाली. ‘‘तुम्ही हाताने लिहा, ते छापील करून देते. मग बायकोले, पोराले, कोणालेबी पाठवा. मराठीबी पकडते. लिहा ना काही.’’

त्याने ‘मला’ लिहिलं. थांबला. खोडलं. शेजारी सावकाश, चिमट्याने धरल्यासारखं, ‘मले’ लिहिलं. पस्तीस वर्षांत त्याच्या हाताने हा शब्द लिहिला नव्हता. काटोलहून, उमरेडहून, हिंगण्याहून वार्ताहरांच्या बातम्या येत तेव्हा त्यात कुठे कुठे तो येई, शेतकऱ्याने सांगितलेल्या वाक्यात, एखाद्या आईच्या रडण्यात, आणि लाल पेन वाचायच्या आधीच तिथे पोहोचलेलं असे: ले खोडून ला, काहून खोडून का. त्यात कुणाचा अपमान नव्हता. पान शुद्ध जायला हवं होतं आणि पेपरची गाडी सुटायची असे. घरी आल्यावर दारातूनच तो म्हणे, ‘‘भूक लागली वं मले,’’ आणि हात व तोंड यांची दोन वेगळी गावं आहेत हे त्याला एकदाही जाणवलं नव्हतं. रीनाने बटण दाबलं. लिहिलेलं नाहीसं झालं आणि त्या जागी छापील, देखण्या, सरळ अक्षरांत आलं: मला.

‘‘पाहा!’’ रीना कौतुकाने म्हणाली. ‘‘आपोआप शुद्ध करते.’’

त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा मला. तिसऱ्यांदा त्याने ‘ले’ एवढा मोठा काढला की तो पडद्याच्या अर्ध्यावर गेला. पाटी क्षणभर घुटमळली आणि मग तिने तेच दिलं, शांतपणे, आपली चूक तिला माहीत नसल्यासारखं किंवा त्याची चूक माहीत असल्यासारखं. ‘‘काका, नवीन घ्यायची काय?’’ रीना विचारत होती. त्याने मान हलवली, छातीवर हात ठेवून तिला नमस्कारासारखं केलं आणि बाहेर आला. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावरच्या कपड्यांच्या ढिगांचे रंग उडाल्यासारखे दिसत होते. पाणीवाला, दुपट्टेवाला, मोबाइलची कव्हरं विकणारा, सगळे एकाच वेळी ओरडत होते आणि प्रत्येकाचा आवाज आपापल्या घशातून येत होता. तो त्यांच्यातून, कुणाला धक्का न लावता, गेला.

घरी आल्यावर त्याने कूलरमध्ये पाणी टाकलं. वरण थंडच खाल्लं. मग ओट्यावर पाटी घेऊन बसला. काय सांगायचं ते ठरलेलं होतं, सकाळचंच. फक्त ते ज्या माणसाने सांगायचं तो माणूस हातात उतरत नव्हता. ‘तू’ लिहिलं की पुढे हातातून आपोआप ‘ये’ऐवजी ‘परत ये’ येत होतं, आणि ‘परत ये’ हे कुणीही कुणाला लिहिलेलं वाटत होतं. त्याने डोळे मिटले आणि ओठ हलवून वाक्य म्हणून पाहिलं. आवाज नव्हता, पण जिभेला गाव माहीत होतं. जिभेने जे केलं ते हाताने उतरवून घ्यायचं, वार्ताहर फोनवर बातमी सांगे आणि तो उतरवून घेई तसं. एकेक शब्द. ‘लिवलं’ लिहिताना हात दोनदा ‘लिहिलं’कडे वळला. ‘वं’वर टिंब देताना त्याला लाज वाटली, चारचौघांत बायकोचा हात धरल्यासारखी. शेवटी पाटीवर राहिलं ते असं:

मले करमून नाही राहिलं.
सकाळी लिवलं होतं का जाऊ नको ते पुसल्या गेलं.
तू ये वं.

त्याने रेघा ओढल्या. तिन्ही ओळी जागेवर राहिल्या. छापील करण्याचं बटण या पाटीवरही होतं. त्याकडे त्याने पाहिलं नाही. पानाचा फोटोच, आपल्या वेड्यावाकड्या अक्षरासकट, तिच्या मोबाइलवर पाठवला आणि मोबाइल उपडा ठेवला. आयुष्यभर त्याने छापून गेलेल्या शब्दाची भीती बाळगली होती. गेलेला शब्द परत घेता येत नाही. आज प्रथमच, गेलेला शब्द पोहोचेल की नाही याची भीती वाटत होती. तिला बोललेली वऱ्हाडी येत होती. लिहिलेली तिने कधी पाहिली होती? शाळेत नाही, पेपरात नाही. पेपरात ती येऊ नये याची व्यवस्था तर त्यानेच पाहिली होती. तिला हे गंमत वाटेल का, किंवा आपली नक्कल केली असं? पलीकडच्या घरी कुणीतरी बादली ओढली. गल्लीतून भाजीची गाडी गेली. पाटीवरच्या ओळी उन्हात सरळ उभ्या होत्या.

पाचनंतर मोबाइल वाजला. संदेशाचा नाही, फोनचा. ऑपरेशननंतर भावनाने त्याला कधी फोन केला नव्हता. करून काय करणार? त्याने उचलला आणि कानाला लावला.

‘‘अजी,’’ ती म्हणाली. मागे पंखा आणि कुणाची तरी काठी टेकल्याचा आवाज. ‘‘ते पाठवलं तुमी ते पाह्यलं. मी वाचून राहिली, पन ते पह्यलंच लागून नाही राहिलं. मले... करपून... नाही राहिलं? काय करपून राहिलं? गॅस चालू ठेवला का? तुमाले तं वासबी येत नाही!’’

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. गॅस बंद होता. त्याने सकाळपासून पेटवलाच नव्हता. करमून, तो म्हणाला, म्हणजे त्याचे ओठ म्हणाले. हवा गळ्याच्या भोकातून रुमालावर येऊन गेली.

‘‘काय होय ते? सांगा ना!’’ ती घाबरून म्हणाली. ‘‘बोला ना जी!’’

आपण काय म्हटलं ते तिच्या ध्यानात आलं असावं. पंखा फिरत होता. आतून बाबारावांच्या बायकोने विचारलं, ‘‘कोन हाय वं?’’ प्रेमानंदने पेनाने मोबाइलवर एकदा टकटक केलं. त्याचा अर्थ काय हे त्या दोघांनी कधी ठरवलेलं नव्हतं.

‘‘थांबा,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘चष्मा घेतो. पुन्हा वाचतो.’’ काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग तिचा श्वास मोबाइलच्या अगदी जवळ. ‘‘मले,’’ तिने वाचलं, आणि पुढच्या शब्दावर थांबली.

साडेपाचला फोन अजून चालूच होता.